उजेड तोंडावर पाहिजे

३ ऑगस्ट १९३६, सोमवार

ताहेराबाईंनी ही वही दिली. म्हणाल्या, अनसूयाबाई, ठकू रोज काय बोलली, काय समजली ते घरी लिहीत जा, वर तारीख घालत जा. मी म्हटलं, माझी मराठी तिसरी झालेली, तीही मामाने हट्ट केला म्हणून. तर म्हणाल्या, तिसरी पुष्कळ झाली.

आज ठकू काही बोलली नाही. सहा वर्षांची झाली, अजून काहीच बोललेली नाही. तिला ऐकू येत नाही.

आम्हाला हे ती चार वर्षांची होईपर्यंत कळलंच नाही. लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. पण आमच्या तांबट आळीत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हातोडे चालतात, तिथं तोंडाने बोलून काय उपयोग. जेवायला चला, गिऱ्हाईक आलंय, घागर खाली उतरवा, सगळं हातानेच सांगायचं. ठकू एवढीशी होती तेव्हापासून हात बघून पाट मांडायची, तांब्या आणून द्यायची. आळी म्हणायची पोर हुशार आहे. ऐरणीवर घण पडला की वळून बघायची. जमीन हादरते ते तिच्या पायाला कळत होतं, आम्हाला वाटायचं ऐकते. मग मी सिन्नरला माहेरी गेले, तिथं सगळं शांत. आईने तिला पाठीमागून हाक मारली, पुन्हा मारली, आणि मग ठकूकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिली. 

७ ऑगस्ट

वर्ग शाळेच्या मागच्या खोलीत भरतो. ठकू धरून तीन मुलं. आयांनीही बसायचं, घरी शिकवता आलं पाहिजे म्हणून.

खरी शिकाऊ तर ताहेराबाईच आहेत. त्या म्युनिसिपालटीच्या मास्तरीण, बहिऱ्या मुलांना कसं शिकवायचं ते शिकायला मुंबईला गेल्या होत्या. तिथलं शिकून झालं, आता इथं मुलांना शिकवून दाखवायचं. दिवाळीच्या आधी मुंबईचे साहेब येऊन परीक्षा घेणार. परीक्षा बाईंची. पास झाल्या तर वर्ग चालू राहील, नाहीतर बंद.

आज त्यांनी आम्हाला सांगितलं, बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पाहिजे. खिडकीकडे पाठ करून बोललं तर तोंड काळं दिसतं, मग मूल काय वाचणार. ओठ ताणून वेडंवाकडं बोलायचं नाही, रोज बोलतो तसंच बोलायचं. आणि हाताने काही म्हणजे काही सांगायचं नाही. हात सोपे पडतात, मग मूल ओठांकडे बघत नाही.

ठकूने हात केला की बाई तिचे हात तिच्याच मांडीखाली घालतात. ती हातांवर बसून माझ्याकडे बघते. मी खिडकीबाहेर बघते.

२० ऑगस्ट

ठकूने "पा" म्हटलं.

बाईंनी मेणबत्ती लावली, तोंडासमोर धरून पा म्हटलं, ज्योत हलली. ठकूला गंमत वाटली. तिने नुसतं फू फू केलं तर बाईंनी मान हलवली. मग ठकूचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून म्हणून दाखवलं. ठकूने दुसरा हात आपल्या गळ्यावर ठेवला. कितीतरी वेळ काही नाही. मग एकदम आलं. घोगरं, म्हाताऱ्या माणसासारखं. मी इतकी घाबरले की पहिल्यांदा आनंदच झाला नाही.

घरी सांगितलं तर सासूबाईंनी दुसरंच काढलं. "ती मुसलमानाची बाई पोरीच्या तोंडात बोट घालते म्हणे." मी म्हटलं, जीभ कुठं लावायची ते दाखवायला घालतात. "मग उद्या तिच्याच घरी जेवायला बसव." दारातच ठकूच्या डोक्यावर पाणी ओतलं तेव्हा घरात घेतलं.

हे ओट्यावर बंब ठोकत बसले होते. मी म्हटलं, अहो, तुम्ही तरी काही बोला ना. ह्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

२४ ऑगस्ट

आज एक नवल झालं. मी ठकूला आरशासमोर बसवून सांगत होते, बाईंचं बोट नको म्हणून आजी ओरडते, आपण काहीतरी करू. हात न करता, नुसत्या ओठांनी. बाईंनी सांगितलंय की घरी कधीकधी आवाज न काढता बोला, म्हणजे मूल खरंच ओठ वाचतं का ते तुम्हालाही कळेल. ठकूला एवढं सगळं कुठलं समजायला. मीच आपली मन मोकळं करत होते. हे समोर ओट्यावर काम सोडून आमच्याकडेच बघत होते.

संध्याकाळी ह्यांनी माझ्या हातात तांब्याचा एक चाटू ठेवला. करंगळीएवढा, पातळ, कडा घासून गुळगुळीत. म्हणाले, "बाईंना दे. ठकीच्या तोंडात हा घालायला सांग. बोट नको." सासूबाईंना बोलायला जागाच राहिली नाही, तांबं तर देवालाही चालतं.

ह्यांच्या मनात कसं आलं कोण जाणे. मी आज ह्यांच्याशी तर बोललेच नव्हते.

९ सप्टेंबर

वही बाईंना दाखवायची होती. आता कशी दाखवू, मी ठकूचं सोडून घरचंच लिहून ठेवलंय. त्यांना वेगळ्या कागदावर लिहून देईन.

भांडीबाजारातल्या शेठने आज हंडा परत पाठवला. वाजवून बघा म्हणाला, बद्द वाजतोय, कुठंतरी चीर आहे. गोरक्षभाऊजींनी बोटाने वाजवला आणि चीर कुठं आहे ते लगेच दाखवलं. "दादा, हे तुला ऐकू नाही आलं?" असं हसत हसतच विचारलं. हे एकदम चिडले, हंडा उचलून कोपऱ्यात टाकला. ह्यांच्या हातचा हंडा आजपर्यंत कधी परत आला नव्हता. हे वाजवतात आणि आळी मान्य करते, असं होतं.

सासूबाई म्हणाल्या, घरात अशी पोर असल्यावर माणसाचं कामात मन कसं लागेल. म्हणजे फिरून माझ्यावरच.

२८ सप्टेंबर

कळवणच्या आत्यांचा निरोप आला. आत्या म्हणजे ह्यांच्या वडलांची बहीण. तिथं भांड्यांचं दुकान आहे, गोठ्यात म्हशी आहेत, आणि सुना टिकत नाहीत. त्यांना हाताखाली पोर पाहिजे. दिवाळीच्या आधी येऊन ठकूला घेऊन जाते म्हणाल्या, कायमचीच राहू द्या, लग्नाचंही मीच बघेन.

सासूबाईंना पटलं. "मुकी हाय ते बरंच हाय. आत्याला उलट बोलणारी चालतच नाय." आणि स्वतःच हसल्या.

मी चुलीपुढे बसून राहिले. नंतर ह्यांच्या पाठीशी उभी राहून म्हटलं, पोरीला पाठवू नका, मी पाया पडते. हे हातोडीचे बारीक ठोके मारून घंगाळाला मठार देत होते, देतच राहिले. पाठ हललीसुद्धा नाही. एवढा राग माझा. मी असं काय केलंय? मूल असं झालं हा माझा गुन्हा आहे का?

१२ ऑक्टोबर

ठकूला आता दहा-बारा शब्द ओठांवरून कळतात. पाणी, पान, चेंडू, तांब्या, ये, बस, दार लाव. बोलते त्यातलं मला कळतं, दुसऱ्याला नाही कळत.

मी बाईंना कळवणचं सांगितलं. त्या म्हणाल्या, परीक्षेला मुलांचे वडील हजर पाहिजेत, साहेब त्यांनाच विचारतील मूल तीन वर्षं शाळेत ठेवणार का म्हणून. वडलांनी हो म्हटलं तर आजीचं काही चालणार नाही. "तुमचे मालक हो म्हणतील ना?"

मी हो म्हटलं. खोटंच बोलले.

२५ ऑक्टोबर, दसरा

आज हातोड्यांची पूजा. वर्षातून हा एकच दिवस आळी अशी गप्प असते. घण, ऐरण, सांडशी सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलं, झेंडूची फुलं वाहिली. हातोडा आज कोणी चालवत नाही. गंगेवरच्या देवळातली घंटा घरात ऐकू येत होती. मला असं शांत असलं की भीतीच वाटते, सिन्नरची आठवण येते.

मनाशी ठरवलं होतं की आज बोलायचं. रोज आवाजामुळे ऐकू आलं नसेल अशी मनाची समजूत घालत होते. आज तर आवाज नव्हता. हे पूजा करून तिथंच पाठमोरे बसले होते. मी मागून हळूच म्हटलं, अहो, ठकूचं काय करायचं ठरवलंत? काही नाही. पुन्हा म्हटलं. मांजरसुद्धा कान हलवतं. हे तसेच बसलेले, हातोड्याच्या दांड्यावरून बोट फिरवत.

म्हणजे ठरलेलंच आहे. मला सांगायचं नाही एवढंच.

सोनं द्यायला गोरक्षभाऊजी आले, समोरून पाया पडले, तर हे त्यांच्याशी दोन शब्द नीट बोलले. भावाशी बोलता येतं.

२ नोव्हेंबर

परीक्षा शुक्रवारी. आत्या रविवारी येणार. सासूबाईंनी ठकूचे दोन परकर धुऊन बोचक्यात बांधून ठेवलेत. ठकूला वाटतंय आजोळी जायचंय. मला ओठांनी विचारते, "आई? आई?" म्हणजे आई पण येणार का. हा शब्द तिचा तिने जमवलाय. मी तोंड फिरवलं. तोंड फिरवलं की तिला काही कळत नाही, एवढं तरी माझ्या हातात आहे.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

परीक्षा झाली.

मी परीक्षेचं सांगितलं तेव्हा हे माझ्याकडे टक लावून बघत होते, आणि आज न बोलता कोट घालून आले. बापांना मागच्या बाकावर बसवलं, आम्ही भिंतीला. ताहेराबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी धडा चांगला घेतला, मेणबत्ती, आरसा, चाटू सगळं. ठकूने पान दिलं, चेंडू दिला, दार लावलं. साहेब लिहीत होते. आपलेच मराठी आहेत, वयस्कर, ओठ झाकून टाकतील एवढ्या मिशा.

मग ते म्हणाले, आता मी विचारतो. बाई म्हणाल्या, साहेब, तिने अजून बायकांचीच तोंडं वाचली आहेत. साहेब म्हणाले, जगात पुरुषही आहेत.

ते टेबलापाशी बसून बोलले. ठकू बघत राहिली. मिशा हलत होत्या, ओठ दिसतच नव्हते. त्यांनी पुन्हा विचारलं, मोठ्याने. मला ऐकू येत होतं, तांब्या दे म्हणत होते. तांब्या तर रोजचा, घरातला. ठकूचा हात कशावरच जाईना. तिचे डोळे भरले. मी माझे हात पदराखाली घट्ट धरून ठेवले होते, आवळून आवळून बोटं दुखायला लागली, ओठ मात्र आपोआप तांब्या, तांब्या म्हणत होते.

तेवढ्यात ठकूने साहेबांच्या खांद्यावरून मागे बघितलं आणि झटकन तांब्या उचलला.

मागे हे उभे होते. मूठ वळून तोंडाशी नेलेली, अंगठा ओठांकडे. आमच्या आळीत तांब्याला असंच करतात.

साहेब वळले. "कोण हात करतंय? कोण आहात तुम्ही? बाहेर जा."

ह्यांनी हात जोडले. हसले. म्हणाले, "होय साहेब, माझीच पोर."

कोणीतरी फिसकन हसलं. साहेब लाल झाले, म्हणाले, मी काय म्हणतोय, बाहेर जा. आणि हे तसेच हात जोडून उभे, हसत, साहेबांच्या मिशांकडे बघत. मला वाटलं धरणी दुभंगावी. एवढ्या मोठ्या माणसाचा असा अपमान करायचा? तेही आजच्या दिवशी?

ताहेराबाई लगबगीने पुढे गेल्या, ह्यांच्या अगदी समोर उजेडात उभ्या राहिल्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती. काय म्हणाल्या ते मला ऐकूच आलं नाही, बहुतेक फार हळू बोलल्या. पण ह्यांचा चेहरा उतरला. खाली मान घालून बाहेर गेले.

साहेबांनी शेवटी सांगितलं, बाईंचं काम बरं आहे, वर्ग चालू राहू द्या. पण ज्या घरात हात चालतात त्या घरची मुलगी ठेवायची तर बापाने स्वतः सोमवारी येऊन सांगावं, घरी हात बंद करतो आणि तीन वर्षं पाठवतो. नाहीतर तिच्या जागी दुसरं मूल घ्या.

निघताना बाईंनी मला थांबवलं. मला वाटलं आता रागावतील. तर म्हणाल्या, साहेबांना जे म्हणायचं ते म्हणू द्या. घरी तुम्ही हात करता का ते मी विचारायला येणार नाही. मला मुंबईत जे शिकवलं ते मी तुम्हाला सांगितलं, पण आज मला वाटलं की त्यांनी मला सगळं शिकवलेलं नाही. मग बाहेर पिंपळाखाली बसलेल्या ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "अनसूयाबाई, घरचा धडा त्यांच्यासमोर घेत जा. रोज."

मी म्हटलं, ते ठकूकडे लक्ष देत नाहीत. त्या म्हणाल्या, "देतात."

७ नोव्हेंबर

हे कालपासून जेवलेले नाहीत. बाई म्हणाल्या तसा धडा ह्यांच्यासमोर घेतला, साहेबांचं सोमवारचं ठकूलाच सांगत बसले, ह्यांना काही विचारलं नाही. आता विचारायची भीती वाटत नाही, उत्तर न येण्याची वाटते.

८ नोव्हेंबर, रविवार

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

आत्या दुपारी आल्या. ठकूचे दात बघितले, दंड चाचपले, म्हैस घेताना बघतात तसे. सकाळच्या मोटारीने निघायचं म्हणाल्या. सासूबाईंनी बोचकं दाराशी आणून ठेवलं.

दिवे लागल्यावर हे आणि गोरक्षभाऊजी जेवायला बसले. आत्या आणि सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, ह्यांच्या मागे. मी समोर वाढत होते. कंदील खुंटीवर होता. आत्या म्हणाल्या, "काय रे सावळीराम, पोर नेते मग सकाळी. तुझं काही म्हणणं नाय ना?" हे भात कालवत होते. आत्यांनी पुन्हा विचारलं. काही नाही. सासूबाई म्हणाल्या, "त्याचं काय म्हणणं असणार. गप बसला म्हंजे हो."

मी परात हातात घेऊन उभी होते. थोरल्या बायकांसमोर नवऱ्याशी बोलायची आमच्यात रीत नाही. माझ्या तोंडून आवाज निघालाच नसता. पण ह्यांनी मान वर केली, भात मागायला असेल, आणि माझ्याकडे बघितलं. आणि ठकूशी बोलून बोलून जी सवय लागली आहे तसे माझे नुसते ओठ हलले.

पोरीला पाठवू नका.

श्वाससुद्धा सोडला नव्हता.

हे म्हणाले, "नाही पाठवत."

 सासूबाई म्हणाल्या, "काय रे? कोणाशी बोलतोस?"

ह्यांनी मागे बघितलं नाही. माझ्याकडेच बघत होते, साहेबांच्या मिशांकडे बघत होते तसे नाही, निराळे. म्हणाले, "ठकी शाळेत जाईल. उद्या मी स्वतः जाऊन सांगतो." सासूबाई मागून बोलत होत्या, चिडून, भरभर, कळवण, आत्या, लोक काय म्हणतील. भाऊजी त्यांच्याकडे बघत होते. मी बघत होते. एकटे हे बघत नव्हते, एकाही शब्दाला ह्यांची पापणी हलली नाही.

 हंडा आठवला. दसरा आठवला.

मी पुन्हा तसंच केलं, आवाज न काढता. भात वाढू?

ह्यांनी ताटावर हात आडवा धरला.

माझ्या हातातली परात कलली, थोडा भात खाली सांडला. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ओठांवर बोट ठेवायला हात अर्धा वर आला होता, आळीत कोणाला कळू देऊ नको म्हणायला. मी होकाराची मान हलवली. ज्या आळीत हंडा कानाने पारखतात तिथं हे कोणाला सांगणार?

ठकू भाऊजींच्या मागून आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. ती हसली. तिला बहुतेक कधीचंच माहीत होतं.

मी सांडलेला भात गोळा केला. मग उठून खुंटीवरचा कंदील काढला, ह्यांच्या समोर बसले आणि माझ्या तोंडावर उजेड पडेल असा तो खाली जमिनीवर ठेवला. सासूबाई म्हणाल्या, अगं, आम्हाला अंधार झाला.

म्हटलं, असू द्या, रोज आता इथंच राहील.